संत पेत्काचा उजवा डोळा

राज्याच्या स्मारक संस्थेने फौजदारी तक्रारीला जोडलेले निवेदन असे आहे: "दुबोवित्सा गावातील चौदाव्या शतकातल्या चर्चमध्ये उत्तरेच्या भिंतीवर संत पेत्काची प्रतिमा आहे. ऑटोमन सैनिकांनी या चर्चमधील संतांचे डोळे भाल्यांनी फोडले, तेव्हा खालच्या रांगेत केवळ या एका प्रतिमेचे डोळे बचावले. शतकानुशतके आक्रमकांना जे साधले नाही, ते चर्चची किल्ली जिच्याकडे विश्वासाने सोपवली होती त्या रिस्ताना नावाच्या निरक्षर स्त्रीने एका चमच्याने करून दाखवले. प्रतिमेचा उजवा डोळा कायमचा नष्ट झाला आहे."

खाली संस्थेचे संचालक, प्राध्यापक पांडील शुर्बानोव यांची सही आहे. गद्य डौलदार आहे. फौजदारी तक्रारीत इतके डौलदार गद्य आढळले, तर ते कशावर पांघरले आहे ते पाहावे, असे मला माझ्या विषयाने शिकवले आहे. माझा विषय मध्ययुगीन भित्तिचित्रे. त्यातही वरच्या रंगाच्या खाली काय असते, हा.

सैनिकांपासून सुरुवात करू. भाला हे लांबच्या वस्तूला भोसकण्याचे साधन आहे. दुबोवित्साच्या चर्चमध्ये संतांच्या दोन रांगा आहेत. वरच्या रांगेतील प्रत्येकाचे डोळे शाबूत आहेत. खालच्या रांगेतील, एक पेत्का सोडली तर, गेले आहेत. म्हणजे हातात भाला असलेला सैनिक, ज्याला वरपर्यंत सहज पोहोचता आले असते, तो फक्त एका बुटक्या बाईचा हात जाईल तेवढ्याच उंचीवर संतापला होता, असे संस्था आपल्याला सांगते. बरे, त्याने भोसकलेही नाही. त्याने फक्त बाहुल्या उकरल्या; हलक्या हाताने, गोलगोल, पापणीच्या रेषेला धक्का न लावता, आणि खाली पडलेली भुकटी बहुधा कशात तरी जपून गोळा केली. इतक्या निगुतीने काम करणारा सैनिक जगातल्या कोणत्याही सैन्याला लाभलेला नाही.

ज्यांनी हे केले त्या आमच्याच आज्या आणि पणज्या. डोळे आले, डोळ्यांत फूल पडले, मूल आंधळे होऊ लागले, की बाई चर्चमध्ये जायची, संताची क्षमा मागायची, त्याच्या डोळ्यातला चिमूटभर गिलावा खरवडायची आणि झऱ्याच्या पाण्यात कालवून दुखऱ्या डोळ्यात घालायची. संताचे बघणे माणसाला मिळायचे. माझ्या आजीच्या डाव्या डोळ्यात असा एक संत होता, असे ती अभिमानाने सांगे. कोणता, ते मात्र ती कधी सांगत नसे, कारण तो अजून आपला डोळा परत मिळण्याची वाट पाहत असेल अशी तिला भीती होती. आमच्या डोंगरातली जवळजवळ प्रत्येक जुनी भिंत अशी आंधळी आहे. भक्तांनी तिला आंधळे केले आणि इतिहासकारांनी भक्तांच्या हाती भाले दिले. चर्चच्या दाराशी असलेल्या संगमरवरी पाटीवर ते भाले अजून कोरलेले आहेत.

उरला पेत्काचा डोळा. तो सातशे वर्षांचा असेल, तर रिस्तानाला कायद्याप्रमाणे पाच वर्षांहून कमी शिक्षा देता येणार नव्हती. तो जर कालपरवाची डागडुजी असेल, तर खटलाच उभा राहत नव्हता. रिस्ताना म्हातारी होती. तिच्याजवळ सहा वर्षांची नात होती, जिचे आईबाप जर्मनीत कुठल्याशा मांसाच्या कारखान्यात राबत होते आणि मुलीला तिकडे नेण्याची त्यांना परवानगी नव्हती. आजी तुरुंगात गेली की नात सरकारी अनाथालयात जाणार होती. तिच्या वकिलाने मला बोलावले, ते यासाठी.

मी गेले तेव्हा रिस्ताना अंगणात पत्र्यावर लाल मिरच्या भाजत होती. धुराने डोळे चुरचुरत होते. उंबऱ्यावर नात बसली होती, बिसेरा. तिच्या उजव्या डोळ्यावर पट्टी होती.

"तू पण संस्थेतलीच का?" रिस्तानाने मान वर न करता विचारले.

"नाही आजी. विद्यापीठातली."

"म्हणजे पगाराची खिडकी तेवढी वेगळी. बस. माझा हात थांबायचा नाही, मिरच्या करपतील. तुरुंगात मिरच्या देतात का गं? विचार तुझ्या त्या वकिलाला. मला तर तो सारखं एकच सांगतो, गप्प बसा, गप्प बसा. नवरा होता तेव्हा तोही हेच सांगायचा."

"ते बरोबर सांगतायत. तुम्ही कोर्टात काही बोलू नका."

"का नको? मी केलं, मी सांगणार. लपवून काय करू? तिनं बघितलंय."

"कुणी?"

"पेत्कानं. आणखी कोण होतं तिथं?"

हे तिने ज्या स्वरात सांगितले, त्यात भक्तिभाव मुळीच नव्हता. रस्त्यापलीकडची शेजारीण खिडकीतून बघत होती, असे सांगावे तसे सांगितले.

मी तिला पहिल्यापासून विचारले. तिने एक मिरची उलटली, आणि जे सांगितले ते मी जसेच्या तसे देते, कारण यातले एकही वाक्य संस्थेने तिला विचारलेले नव्हते.

"मी या पोरीपेक्षा लहान होते ना, तेव्हापासून ती आंधळीच होती. माझी आजीसुद्धा सांगायची, आंधळीच. सगळं देऊन बसली होती बिचारी. आम्ही तिला मेणबत्ती लावायचो आणि मोठ्यानं बोलायचो, तिला दिसत नाही म्हणून. मग माझं लग्न झाल्यावर, चाळीस वर्षं झाली त्याला, एका वसंतात संस्थेची माणसं आली. दार आतून लावून घेतलं. आत दिवे, बाहेर गवंडी. गेली निघून. आम्ही आत गेलो, तर ती बघत होती."

"बघत होती?"

"डोळे परत आले होते तिला! दोन्ही. ओले, काळे. माझी सासू तिथंच खाली बसली."

"तुम्ही कुणाला विचारलं नाहीत, हे कसं झालं म्हणून?"

"काय विचारायचं, पोरी? 'साहेब, आमच्या संताला डोळे कुठून आले', असं? ज्याचं गेलं त्याला ते परत मिळालं. यात चौकशी कसली करायची!"

शुर्बानोव सरांच्या प्रसिद्ध ग्रंथात याचे वेगळे स्पष्टीकरण आहे: हे डोळे चुन्याच्या सफेदीखाली झाकले गेले होते आणि संस्थेने ते शास्त्रशुद्ध पद्धतीने उघडे केले. तो ग्रंथ आमच्याकडे प्रत्येक विद्यार्थ्याला वाचावा लागतो. रिस्तानाला वाचता येत नाही, त्यामुळे तिला फक्त तिने पाहिलेले माहीत होते. आणि पाहिलेल्याचा अर्थ तिने चमत्कार असा लावला. दोन्ही स्पष्टीकरणांत मला तिचे अधिक प्रामाणिक वाटले, इतकेच.

"मग इतकी वर्षं त्या डोळ्यांना कुणी हात लावला नाही?"

"नाही गं बाई. एकदा देऊन टाकलेलं तिला परत मिळालं. ते दुसऱ्यांदा मागायला कोण जाईल? आणि ती रडायची."

"रडायची?"

"दर वसंतात. पांढरं पांढरं, गालावरनं खाली. मी फडक्यानं पुसायचे, चाटून बघितलं तर खारट. पुढच्या वर्षी पुन्हा. बायका आत शिरल्या की डोक्यावरचा रुमाल कपाळावर ओढून घ्यायच्या. थेट दाराकडं बघते ना ती. आत येताना तोंडावर बघते, जाताना पाठीवर. माझी सासू शेवटी शेवटी चर्चमधून उलटी चालत बाहेर यायची. पाठ करायची हिंमत नव्हती तिची."

मग या वर्षी बिसेराचे डोळे आले. पू येऊ लागला, सकाळी पापण्या उघडेनात. तालुक्याच्या दवाखान्यातला डोळ्यांचा डॉक्टर परदेशी निघून गेलेला. राजधानीच्या रुग्णालयाने तीन महिन्यांनंतरची तारीख दिली. रिस्तानाने थेंब घातले, चहाच्या पाण्याने धुतले, आणि मग एका सकाळी चमचा उकळून घेतला.

"मी तिची परवानगी मागितली. म्हटलं, बाई, तुला दोन आहेत, एक दे. पोर लहान आहे. उजवा खरवडला. कडक होता गं, कितीतरी कडक. आमच्या आज्या म्हणायच्या नख लावलं की येतं. झऱ्याच्या पाण्यात कालवला, घातला, वर पट्टी बांधली. ही ओरडायला लागली. मी हात धरून बसले हिचे. म्हटलं, सोस, राणी, आजार बाहेर निघतोय. सगळा दिवस ओरडली." मिरच्या करपू लागल्या होत्या आणि ती त्यांच्याकडे बघत होती. "पट्टी सोडली तर डोळा पांढरा. शिजवलेल्या माशाचा असतो तसा."

"रुग्णालयात काय म्हणाले?"

"जळालाय म्हणाले. चुन्यानं. मोठा शिकलेला डॉक्टर, आणि मला सांगतो भिंतीत चुना असतो! मला काय साखर वाटली होती? चुना काय करणार? तिनं घेतला तो डोळा. मी तिचा घेतला, तिनं पोरीचा घेतला. फिटलं. आता न्यायाधीशाला आणखी काय करायचं असेल ते करू दे. मी नाही म्हणणार नाही."

उंबऱ्यावरून बिसेरा म्हणाली, "मला ती दिसते."

"कोण दिसते?" मी विचारले.

"पेत्का. ह्या डोळ्यानं." तिने पट्टीवर बोट ठेवले.

"काय करते ती?"

"काही नाही. बघते. तिला पण आता एकच आहे."

"बघ," रिस्ताना म्हणाली. "आणि मी कोर्टात गप्प बसू?"

त्या अंगणातून मी चर्चकडे चालत गेले, तेव्हा माझ्या डोक्यात एकच शब्द होता: जळाला.

चुना भट्टीतून निघतो तेव्हा चावतो; कोणत्याही गवंड्याची बोटे साक्ष देतील. पण भिंतीवर चढला, की तो हवा पिऊ लागतो. वर्षानुवर्षे पितो आणि शेवटी ज्या दगडापासून निघाला तोच दगड होतो. सातशे वर्षांचा चुना म्हणजे खडू. तो डोळ्यात गेला तर खुपेल, पाणी येईल. तो जाळणार नाही. जाळण्यासारखे त्याच्यात काही उरलेलेच नसते. आमच्या आज्यांनी पिढ्यान्‌पिढ्या तो डोळ्यांत घातला तो याच भरवशावर, जरी तो भरवसा संतावरचा आहे असे त्यांना वाटत होते. ज्या भुकटीने बिसेराचा डोळा जाळला ती चौदाव्या शतकातली असू शकत नव्हती. पुरावा त्या मुलीच्या चेहऱ्यावर होता, आणि संस्थेने तो पाहून तिच्या आजीवर खटला भरला होता.

चर्चवर पहाऱ्याला ठेवलेल्या पोलिसाने दार उघडून दिले आणि तो बाहेरच थांबला. आत येण्याची त्याला इच्छा दिसली नाही.

चर्च लहान आहे. दगडाचा एक थर, विटांचे दोन, पुन्हा दगड. वर उंच गळ्याचा एकच घुमट. ज्या सरदाराने ते आपल्या थडग्यासाठी बांधले, त्याने मुद्दाम झऱ्यावर बांधले. आमच्याकडे पेत्काच्या चर्चला झरा लागतोच. पाणी उत्तरेच्या भिंतीखालून वाहते आणि ती भिंत बारमाही ओली असते. आत शिरले की ते ऐकू येते. दिसत मात्र कुठेच नाही.

मी आधी वर पाहिले. या चर्चच्या चित्रकाराची एक खोड होती: त्याने प्रत्येक संताच्या बाहुल्या किंचित पूर्वेकडे, वेदीच्या बाजूला सरकवल्या होत्या. ते सगळे आपल्याकडे पाहत नाहीत. आपण आलो आहोत हेच त्यांना ठाऊक नाही. आपल्या खांद्यापलीकडे काहीतरी घडते आहे आणि ते त्यात गुंतलेले आहेत. खालच्या रांगेत डोळ्यांच्या जागी पांढरे, गुळगुळीत झालेले खळगे. कितीतरी पिढ्यांची बोटे तिथे फिरली होती. एखाद्या मोठ्या खोलीत सगळे आंधळे शांत उभे असावेत आणि आपण चाललो की त्यांनी पावलांच्या आवाजाकडे कान लावावेत, तसे वाटते. मी चालताना चवड्यांवर चालते आहे, हे माझ्या नंतर लक्षात आले.

आणि पेत्का. तिचा उरलेला डावा डोळा वेदीकडे पाहत नव्हता. तो दाराकडे, माझ्याकडे पाहत होता. गालावर पांढऱ्या खुणा होत्या. मी दिवा भिंतीला लावून तिरपा धरला. डोळ्याभोवतीची कड उठून दिसली, एखादे ठिगळ शिवावे तशी. उजव्या डोळ्याच्या खड्ड्यात बोट घातले. खालचा थर राखाडी होता. चुना राखाडी नसतो. राखाडी, कडक, ओल्या भिंतीतही घट्ट बसणारे, वर्षानुवर्षे आतून क्षार ओकणारे आणि ओलीत असेपर्यंत आपली आग न सोडणारे असे एकच द्रव्य मला ठाऊक आहे. ते सिमेंट आहे. पेत्का चाळीस वर्षे सिमेंट रडत होती.

मी निघाले. अर्ध्यावर आल्यावर मला कळले की मी भिंतीला पाठ न करता, तिरकी चालते आहे. कामाच्या टिपणात मी हे लिहिले नाही.

आम्ही नमुना तपासण्याची मागणी केली. अशी तपासणी करणारी देशात एकच प्रयोगशाळा आहे, आणि ती संस्थेची आहे. फिर्यादी, साक्षीदार, तज्ज्ञ आणि प्रयोगशाळा अशी चारही कामे एकाच इमारतीत होतात. उत्तर आठवडाभरात आले: "नमुना मूळ गिलाव्याशी सुसंगत." मग वकिलाने न्यायालयाला जागेवर येऊन पाहणी करण्याची विनंती केली. न्यायाधीशबाईंनी ती मान्य केली. मला वाटते, त्यांनाही ते डौलदार गद्य खटकले असावे.

पाहणीच्या सकाळी शुर्बानोव सर चर्चच्या अंगणात अक्रोडाखाली उभे होते. उंच, पांढरे केस, सुंदर कोट. मी त्यांची विद्यार्थिनी होते.

"स्लावेया," ते म्हणाले, "तू अजून चिडून लिहितेस, असं ऐकतो."

"तुम्ही अजून सुंदर लिहिता, सर."

"म्हातारीची दया येते मलाही. पण उद्या प्रत्येक म्हातारी चमचा घेऊन आली तर?"

"त्या येतच होत्या, सर. तुमच्या पाटीवर त्यांचे भाले झालेत."

ते हसले. वर्गातही एखाद्या हुशार प्रश्नावर ते असेच हसत आणि पुढच्या प्रश्नाकडे वळत.

आत न्यायाधीशबाई, त्यांचा लेखनिक, सरकारी वकील, आमचे वकील, रिस्ताना. नातीला ठेवायला कुणी नव्हते, म्हणून तीही आली होती आणि दारातच थांबली होती. सुरुवातीलाच रिस्तानाने आमच्या वकिलाचा हात झटकला.

"मॅडम, मी केलं. लिहा. मी खरवडलं आणि पेत्कानं मला शिक्षा दिली. तुमची पण द्या."

"आजी, तुम्हाला अजून कुणी विचारलेलं नाही," न्यायाधीशबाई म्हणाल्या.

"कुणी विचारेल याची वाट बघत बसले तर मरेन मी."

मग मला बोलण्याची परवानगी मिळाली. मी सरांना तीन गोष्टी विचारल्या आणि लेखनिकाने तिन्ही उत्तरे टिपली. पेत्काचे डोळे मूळ आहेत? "निःसंशय." शेजारी संत नेदेला आहे, तिचा गिलावा आणि पेत्काच्या डोळ्यांचा गिलावा एकच? "त्याच हातांनी, त्याच चुन्यात कालवलेला. मी यावर एक ग्रंथ लिहिला आहे." म्हणजे गुणधर्म सारखेच? "चुना हा चुना असतो, डॉक्टर स्लावेया."

संत नेदेलाच्या पायाशी, भिंतीच्या कडेला, गिलाव्याचे गळून पडलेले कण होते. मी चिमूटभर उचलले, तळहातावर चुरले, बाहेरून बाटलीत भरून आणलेले झऱ्याचे पाणी घातले आणि न्यायाधीशबाईंना सांगितले की हा सातशे वर्षांचा चुना आहे. मग तो मी माझ्या उजव्या डोळ्यात घातला आणि डोळा मिटला.

"काय करताय तुम्ही!" कुणीतरी ओरडले. सरकारी वकील असावेत.

मिटलेल्या डोळ्यात वाळू खुपत होती. पाणी वाहू लागले. मला जितका वेळ राहवले तितका वेळ मी तशीच उभी राहिले. त्या अंधारात कुणीतरी होते, असे म्हणण्याचा मला अधिकार नाही. पण त्या वेळी मी रिस्तानावर आणि माझ्या आजीवर पूर्ण विश्वास ठेवायला तयार होते, एवढे खरे. मग मी डोळा उघडला. घुमट दिसला, न्यायाधीशबाई दिसल्या.

"खुपतंय," मी म्हणाले. "आणखी काही नाही. आता ही दुसरी भुकटी." पेत्काच्या उजव्या डोळ्याखाली, फरशीच्या फटीत, खरवडताना सांडलेले राखाडी कण अजून होते. ते मी दुसऱ्या तळहातावर घेतले आणि हात सरांपुढे धरला. "तुमच्या साक्षीप्रमाणे ही अगदी तीच, सर. मी माझी घातली."

"ही सर्कस आहे का?" सरकारी वकील म्हणाले.

"प्राध्यापकांवर कोणतीही सक्ती नाही," न्यायाधीशबाई म्हणाल्या. मात्र त्यांनी मला हात मागे घ्यायलाही सांगितले नाही.

सर माझ्या तळहाताकडे पाहत राहिले. त्यांनी आपले हात पाठीमागे घेतले.

"घाला की साहेब," रिस्ताना म्हणाली. तिच्या आवाजात अजून टोमणा नव्हता. ती त्यांना धीर देत होती. "चुनाच आहे. पेत्का तुमच्यावर कशाला रागवेल? तुम्ही तर तिचे डोळे उघडे केलेत." ते हलले नाहीत. ती त्यांच्या तोंडाकडे पाहू लागली. मग भिंतीकडे, मग पुन्हा त्यांच्या तोंडाकडे. "का घालत नाही? माझ्या पोरीच्या डोळ्यात गेलं. सहा वर्षांची आहे ती." तिचा आवाज हळूहळू बदलला. "पोरी, हे घाबरले का? पेत्कानं केलं असेल तर हे कशाला घाबरतील? ए साहेबा! माझ्याकडे बघ. तुला माहीत आहे ना यात काय आहे? तुला आधीपासून माहीत होतं?"

दारातून बिसेरा आत आली आणि आजीचा झगा धरून उभी राहिली. सरांनी तिच्याकडे पाहिले. मला वाटते, पहिल्यांदाच. मग त्यांनी बसायला काहीतरी मागितले. आमच्या वकिलाने मेणबत्त्यांच्या पेटीवर त्यांना बसवले. ते लेखनिकाकडे वळले आणि वर्गात मजकूर सांगत त्याच सुरात, स्वल्पविरामांसकट, सांगू लागले. न्यायालयाच्या दप्तरात आहे ते असे, शब्दशः:

"दोन्ही डोळे मी रंगवले. मी तेव्हा संस्थेत नवा होतो. परदेशी समिती येणार होती, आणि खालच्या सबंध रांगेत बघणारा एकही चेहरा नव्हता. वरिष्ठ म्हणाले, पाहुण्यांकडे बघणारं कुणीतरी पाहिजे. भिंत इतकी ओली होती की चुना धरेना, लावला की गळून पडायचा. बाहेर गवंडी पायऱ्या बसवत होते. त्यांच्या पोत्यातलं मूठभर सिमेंट आणलं, वर चुन्याचा हात दिला. कुणाचे डोळे रंगवायचे ते सुचेना, तेव्हा दाढीचा आरसा समोर धरून माझेच पाहून रंगवले. ते मूळ आहेत असं आधी समितीला सांगितलं, मग पुस्तकात लिहिलं, मग शिकवलं. गालावर येतात ते क्षार आहेत, हे मला माहीत होतं. बायका संतांचे डोळे खरवडून औषध करतात, हेही माहीत होतं. सैनिकांची गोष्ट मीच लिहिली आहे. मुलीला रुग्णालयात नेलं त्याच दिवशी तिथल्या डॉक्टरांचा मला फोन आला होता. त्यांनी विचारलं, भिंतीत चुन्याशिवाय आणखी काही आहे का, लवकर सांगा, डोळा वाचवायचा आहे. मी म्हणालो, काही नाही, सातशे वर्षांचा चुना आहे. दुसऱ्या दिवशी मी तक्रारीवर सही केली. सही करताना मला तो फोन आठवत होता, हेही लिहून घ्या."